झोनच्या कडेवरचे लांबलचक जिवाणू

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. प्रॅक्टिकलच्या वेळी सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेला जो मोकळा झोन पडतो, त्याच्या कडेवरचे ई. कोलाय जिवाणू तिने स्टेन करून (रंग देऊन) मायक्रोस्कोपखाली पाहिले. ते आखूड कांड्यांसारखे न दिसता लांब दोऱ्यांसारखे दिसले. ‘हे सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून तिथे विषय संपला. पण तेव्हापासून ती एकच म्हणते : जिवाणूचा आकार आणि विभाजन कोणती जनुकं ठरवतात, ते मला शिकायचंय. औषध कंपनीत क्यूसीची (मालाचा दर्जा तपासायची) नोकरी मिळतेय, ती नको म्हणते. माझं लातूर जिल्ह्यात खताचं दुकान आहे. एवढ्याशा जिवाणूच्या आकारावर कुणी पगार देतं का?

उत्तर : नमस्कार. पगाराचं सांगतोच, पण आधी त्या स्लाइडबद्दल. तुमच्या मुलीला दिसलं ते अगदी बरोबर होतं. जिवाणू वाढून दुप्पट झाला की मधोमध आडवी भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात. ही भिंत विणणारं एक प्रथिन सेफॅलेक्सिन अडवतं. वाढ चालू राहते, भिंत पडत नाही, म्हणून दोरा होतो.

औषधाशिवाय, नुसतं जनुक बिघडूनही हेच होतं. १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ फ्रान्स्वा जेकब यांच्या गटातल्या युकिनोरी हिरोता यांनी असे ई. कोलाय वेगळे काढले, जे ३० अंशांना नीट विभागतात आणि ४२च्या आसपास नेले की दोरे होतात. त्यातूनच ‘एफटीएस’ नावाची जनुकं पुढे आली. त्यातल्या एफटीएसझेडचं प्रथिन पेशीच्या बरोबर मध्यावर कडं करतं, हे १९९१ मध्ये दिसलं. आपल्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाचं ते दूरचं भावंड. कडं मध्यावरच का? तर मिन नावाची प्रथिनं पेशीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सतत येरझारा घालतात आणि टोकांजवळ कडं होऊ देत नाहीत. ती बिघडली की टोकाला डीएनए नसलेली इवलीशी पेशी तुटून पडते. आणि एमआरईबी हे जनुक बंद पडलं, की कांडीचा गोळा होतो. मला स्वतःला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं : एक जनुक बिघडलं की काय बिघडलं ते डोळ्यांनी दिसतं.

पगार मिळतो, कारण पेनिसिलिनच्या कुळातली सगळी औषधं जिवाणूच्या भिंतीच्या बांधणीवरच घाव घालतात आणि अनेक जिवाणू त्यांना दाद देईनासे झालेत. नवी औषधं शोधायची तर भिंत कशी बांधली जाते हे कळायला हवं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत मंजुळा रेड्डी यांनी दाखवलं, की जिवाणूला लांब व्हायचं तर जुनी भिंत आधी जागोजाग कापावी लागते, आणि ती कापणारी एन्झाइम्स त्यांनी शोधली. २०१९चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. आयसर पुणे आणि आयआयटी मुंबई इथेही जिवाणूंच्या या प्रथिनांवर काम झालेलं आहे, म्हणजे तुमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर.

आता अवघड भाग. एम.एस्सी.ची २ वर्षं, पीएच.डी.ची ५ किंवा जास्त, पुढे बहुतेकदा पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते आणि जागा थोड्या असतात. मात्र पीएच.डी.चा खर्च तुमच्यावर पडत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं.

एम.एस्सी.साठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा तिने द्याव्यात. जॅममध्ये बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्रही येतं. बी.एस्सी.ला आल्यावर ते सुटलं असेल, तर पुस्तकं आजच काढा. प्रबंधाचं प्रत्यक्ष काम नसलेली एम.एस्सी. मात्र घराजवळ आहे म्हणून घेऊ नका. या क्षेत्रात हाताला वळण नसेल, तर गुणांचा फार उपयोग होत नाही.

क्यूसीची नोकरी कमी दर्जाची नाही, हे तिलाही सांगा. यंदा मनासारखा प्रवेश मिळाला नाही, तर वर्षभर ती करून पुन्हा परीक्षा देता येते. आणि तिचा ओढा खरा आहे का, हे घरात वाद घालून कळणार नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची, त्यासाठी तिने अर्ज करावा. तोच प्रयोग चौथ्यांदा फसल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये जावंसं वाटलं, तर तिला अडवू नका.

तोवर कॉलेजातच एक काम करता येईल. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) सेफॅलेक्सिनची थोडी मात्रा घालून दर अर्ध्या तासाला स्लाइड करायची, मायक्रोस्कोपच्या मायक्रोमीटरने निदान पन्नास पेशींची लांबी मोजायची आणि वहीत आकडे मांडायचे. शेजारी औषध न घातलेली नळी ठेवायला विसरू नकोस म्हणावं, नाहीतर तुलना कशाशी करणार?