वाढण्याआधी पंगतीत बसू द्या

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातर्फे दर द्वादशीला रेल्वे स्टेशनच्या परिसरात उघड्यावर राहणाऱ्या लोकांना पुरी-भाजीची पाकिटे वाटली जातात. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात करुणा रुजावी म्हणून मी त्याला सोबत नेऊ लागले. परवा घरी आल्यावर तो म्हणाला, "त्या आजोबांनी साधे थँक्यूसुद्धा म्हटले नाही." यजमान म्हणतात, अशाने त्याला उपकार करण्याची सवय लागेल, नेणे बंद कर. काय करावे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नेणे बंद करू नका, नेण्याची रीत बदला. तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे, पण दोष मुलाचा नाही. त्याने पाकीट पुढे केले, समोरच्याने ते घेतले आणि मंडळी पुढे सरकली. एवढ्याशा भेटीत देणारा आणि घेणारा यांपलीकडचे नाते त्याला दिसणार तरी कसे?

तुम्ही नांदेडच्या, म्हणून दाखलाही तिथलाच देते. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये, म्हणजे तिथल्या मोफत सामुदायिक भोजनात, जातधर्म न विचारता सर्वांना एकाच पंगतीत जेवू घालतात आणि पोळी दोन्ही हात पुढे करूनच घ्यायची असते, मग घेणारा व्यापारी असो की स्टेशनवर झोपणारा. गुरू नानकांपासून चालत आलेल्या या प्रथेला गुरू अमरदास यांनी अशी शिस्त लावली, की भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीत बसावे, मग भेटीला यावे. मुलाच्या डोक्याला रुमाल बांधा, त्याला आधी त्या पंगतीत जेवू द्या आणि नंतर ताटे घासायला किंवा पाणी वाढायला पाठवा. स्वतः हात पुढे करून घेतलेले मूल वाढायला उभे राहते, तेव्हा समोरच्याच्या आभारांची वाट पाहणे त्याला सहसा सुचत नाही.

हेच द्वादशीच्या उपक्रमातही आणता येईल. पाकिटांऐवजी सतरंजी अंथरा आणि मंडळाच्या लोकांनीही त्याच पंगतीत बसून जेवावे. दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच वेळेला जा, म्हणजे मुलाला माणसे नावाने ओळखू येतील. आजोबांना दात नाहीत, पुरी चावत नाही, हे त्याच्या लक्षात आले आणि पुढच्या खेपेस त्याने मऊ भाताची आठवण केली, तर तुम्हाला हवे होते ते सुरू झाले असे समजा. जेवणाआधी नाम घ्यायला लावण्याची अट मुळीच नको. भजन तुम्ही म्हणा, ज्याला वाटेल तो साथ देईल. फोटो तर अजिबात काढू नका, कारण आपल्या भुकेचे चित्र चार ठिकाणी फिरावे असे कोणालाही वाटत नाही.

आभारांविषयी त्याने पुन्हा विचारले तर गाडगेबाबांविषयी सांगा. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा हाच धर्म मानणाऱ्या, गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या संताला कोणी आपल्या पाया पडलेले खपत नसे.

"ही माणसे काम का करत नाहीत?" हा प्रश्नही आज ना उद्या येईल. उत्तर खरे द्या : त्यांतील पुष्कळ जण नाक्यावरची मजुरी करतात, कचरा वेचतात, लग्नाच्या हंगामात वाढपी म्हणून जातात, पण खोलीचे डिपॉझिट त्यांच्यापाशी नसते आणि पत्त्याचा पुरावा नसल्याने रेशनकार्डही सहजी मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख लोक बेघर नोंदले गेले. ती सगळी माणसे आळशी, हे मुलाला पटवायला आपण निघालो आहोत का? "अभ्यास केला नाहीस तर तुझीही हीच गत होईल" हे वाक्य पुष्कळ घरांत सर्रास वापरले जाते. ते तुमच्या घरात असेल तर आजच सोडा, कारण त्या एका वाक्याने समोरचा माणूस मुलाच्या लेखी शिक्षा भोगणारा ठरतो. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवला जात असेल, तर तोही मुलाला दिसतो आहे.

प्रश्न : आमच्या चर्चमधील तरुणांचा गट नाताळच्या सुमारास रात्री फूटपाथवर ब्लँकेट वाटतो. लहान मुलांना न्यावे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : रात्री नको. झोपलेल्या माणसाला दिवसभराच्या श्रमानंतर उठवणे बरे नव्हे आणि तिथे लहान मुलांकडे नीट लक्षही देता येत नाही. संध्याकाळी जा, आधी हवे-नको विचारा. पावसाळ्यात ब्लँकेटपेक्षा ताडपत्री आणि चपला अधिक कामी येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी घरी सामान बांधायला मदत केली तरी पुरे. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलेले आहे. तुमच्या महापालिकेचा निवारा कुठे आहे याची चौकशी करून मोठ्या मुलांना तिथे घेऊन जा. एकटे मूल रस्त्यावर आढळले, तर त्याला खाऊ देऊन पुढे न जाता १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा आणि मदत येईपर्यंत गटातील दोन प्रौढांनी तिथेच थांबावे.