काटा पळतो, गाडी नाही

प्रश्न : माझी 2011 ची स्कोडा लॉरा आहे, 2.0 टीडीआय मॅन्युअल, 140 पीएसवाली. 1 लाख 18 हजार किमी झालेत. चार महिन्यांपूर्वी रीमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवली, 385 एनएम टॉर्क (फिरवायचा जोर) मिळेल असं ते करणारा ट्यूनर म्हणाला. पहिला महिना गाडी एक नंबर पळाली. आता पुण्याहून गावी येताना खंबाटकी घाट चढायला लागलो आणि चौथ्या गिअरमध्ये जोरात पाय दिला की आरपीएमचा काटा 1900 वरून एकदम 2500 ला, गाडी आहे तिथेच, वर जळका वास. मित्र म्हणतो सिरॅमिक क्लच टाक आणि विषय संपव. गॅरेजवाले म्हणतात सिंगल मास फ्लायव्हील टाका, परत कटकट नाही. आठवडाभर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये असतो, बायकोही गाडी चालवते. काय करू?
(सातारा)

उत्तर : सगळ्यात आधी तो पाय आवरा. गंमत नाही करत, हिशोब बघा. क्लच घसरत असताना समजा 350 एनएम पुढे जातोय आणि इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फिरण्यात 500 आरपीएमचा फरक आहे, तर क्लच प्लेटवर, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या अस्तर लावलेल्या चकतीवर, साधारण 18 किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे बाथरूममधले 2 किलोवॅटचे नऊ गिझर एकाच वेळी चालू आणि ते सगळे त्या एवढ्याशा जागेत. असे दहा-बारा झटके दिले की प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं, मग नॉर्मल चालवतानाही घसरायला लागतं.

तुमचं घसरणं रेडलाइनजवळ, म्हणजे आरपीएमच्या शेवटच्या टोकाला नाही, 1900 ते 2500 मध्ये होतंय, आणि ते बरोबरच आहे कारण टर्बो डिझेलचा सगळा जोर तिथेच असतो. कंपनीने हे इंजिन 320 एनएमला दिलं, क्लच त्या हिशोबाने थोडी शिल्लक ठेवून. सव्वा लाखाच्या घरात गेलेल्या क्लचवर तुम्ही अजून 65 एनएम टाकलेत, तो कुरकुरणारच. पण लगेच रीमॅपवर खापर फोडू नका, आधी इंजिनमागचं ऑइल सील बघायला सांगा. तिथून थेंब थेंब तेल प्लेटवर येत असेल तर जगातला कुठलाही क्लच घसरेल. बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या) खालच्या जोडाला बोट लावून बघा, काळं तेलकट आलं तर शंका घ्यायची.

आता सिरॅमिकचं. क्लचची ताकद वाढवायचे मोजकेच रस्ते आहेत, एकतर प्रेशर प्लेटची, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनमागच्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या भागाची, स्प्रिंग कडक करायची, नाहीतर अस्तर जास्त पकड धरणारं घ्यायचं, नाहीतर प्लेट मोठी किंवा दोन प्लेटी. स्प्रिंग कडक केली की पेडल जड होतं, आणि क्लच दाबताना त्या स्प्रिंगचा जोर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, त्यामुळे अती कडक म्हणजे अती चांगलं असं नाही. सिरॅमिकच्या पक प्लेटला, म्हणजे सलग अस्तराऐवजी सुटे तुकडे (पक) असलेल्या प्लेटला, पकड भरपूर पण मधलं काहीच नाही, एक तर सुटलेला नाहीतर धरलेला. हिंजवडीच्या रांगेत ताशी चार किमीने सरकताना गाडी थरथर कापते, प्रत्येक वेळी पुढच्याच्या बंपरपाशी जाऊन उभी राहते, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासला जातो तो वेगळाच. आणि घरात दोघं चालवता म्हणालात ना, मग आठवड्याभरात घरात भांडण ठरलेलं.

सिंगल मासबद्दल गॅरेजवाल्यांचं अगदीच चुकीचं नाही. तुमच्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील आहे, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये लांब गोल स्प्रिंगा, डिझेलचे धक्के तिथेच मुरतात. ते महाग असतं, क्लच सेटपेक्षाही महाग, आणि झिजतं. त्या जागी एकसंध फ्लायव्हील टाकणारे किट मिळतात, व्हॅलिओचं तसं किट बऱ्याच जणांना माहीत आहे. पण मग ते धक्के मुरवायला फक्त प्लेटमधल्या छोट्या स्प्रिंगा उरतात, आणि सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभं राहिलं की गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. लॉरा घेतलीत ती शांत आहे म्हणूनच ना?

मी तुमच्या जागी असतो तर ड्युअल मासच ठेवलं असतं. नवंच घ्यायला हवं असं नाही, गिअरबॉक्स उतरला की हाताने डावी-उजवीकडे फिरवून आणि पुढे-मागे डुलवून बघायचं, मोकळं हलणं कंपनीच्या मर्यादेत असेल आणि निळे डाग किंवा आत ग्रीस सांडलेलं नसेल तर चालतं. पण एवढ्या किमीनंतर आणि इतकं भाजल्यावर ते बाद निघायची शक्यताच जास्त, तेवढे पैसे बाजूला धरूनच चला. त्यावर साध्याच ऑरगॅनिक (कंपनीच्या क्लचसारख्या) अस्तराची प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट, सॅक्स परफॉर्मन्ससारख्या कंपन्यांचे असे सेट येतात. क्षमता इंजिनच्या टॉर्कपेक्षा वीस-पंचवीस टक्के वर बघा, म्हणजे 460 ते 480 एनएमच्या आसपास. 600 वाला घेऊ नका. क्लच हा फ्यूजसारखा असतो, तो घसरायचा बंद झाला की जोर पुढच्या कमजोर वस्तूवर जातो आणि पुढे गिअरबॉक्स बसलाय.

आणि एक फुकटचं काम, ट्यूनरकडे परत जाऊन 2000 च्या खाली टॉर्क जरा हळू चढवायला सांगा. गाडी तेवढीच पळते, फक्त तो एकदम बसणारा धक्का जातो. बरेच ट्यूनर आकडा मोठा दाखवायच्या नादात हे करत नाहीत, माझा यावर रागच आहे.

बसवताना गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर ते मागचं सील आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) नवीनच घाला, मजुरी तीच. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणले जाणारे असतात, एकदाच वापरायचे, 60 एनएम आणि मग 90 अंश अजून. टॉर्क पाना नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका, 'अंदाज आहे मला' म्हणणाऱ्याला तर नाहीच. नव्या प्रेशर प्लेटवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसायचं. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी नखावर मावेल एवढंच आणि जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर ते उडून प्लेटवर येतं आणि आपण परत खंबाटकीत.

नंतरचे 800 किमी शहरातच, सुरू-बंद, गिअर बदलत, फुल पाय न देता चालवा. हायवेवर एकाच गिअरमध्ये मुंबई गाठली तर ते 800 धरायचे नाहीत, अस्तर बसायला क्लच वापरला जायला हवा.

प्रश्न : फियाट लिनिया टी-जेट आहे, 1.4 टर्बो पेट्रोल. कधीमधी ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानावरच्या वेळेच्या शर्यतीला) जायचा विचार आहे. सहा पकवाला क्लच टाकू का? इंजिन अजून स्टॉकच आहे, कंपनीचं जसंच्या तसं.
(नाशिक)

उत्तर : स्टॉक म्हणजे 207 एनएम. तेवढ्याला कंपनीचा क्लच धडधाकट असेल तर पुरतो. ऑटोक्रॉसमध्ये क्लच मरतो तो बहुतेक वेळा स्टार्टलाइनवर, 5000 आरपीएमला धरून सोडल्यामुळे. आधी 3000 ला सुटायची सवय लावा, पैसे टायरवर घाला. पुढे टर्बो मोठा केलात तर तेव्हा परत लिहा, आणि तेव्हाही मी आधी ऑरगॅनिकच सुचवणार.

प्रश्न : परफॉर्मन्स क्लच बसवून दोन दिवस झाले. चालू इंजिनमध्ये रिव्हर्स पडत नाही, करकर वाजतो. इंजिन बंद करून टाकला तर सहज पडतो. मेकॅनिक म्हणतो नवीन आहे, सेट होईल.
(ठाणे)

उत्तर : सेट होणार नाही. पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटतच नाहीये, म्हणून इंजिन बंद असताना गिअर पडतो आणि चालूला ओरडतो. आधी स्वस्तातलं बघा, क्लचच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिली असेल. तीन-चार वेळा पेडल पंप करून लगेच रिव्हर्स टाका, पडला तर हवाच आहे. डॉट 4 ब्रेक फ्लुइड घालून नीट ब्लीडिंग करायला, म्हणजे हवा काढायला लावा.

त्याने नाही झालं तर वाईट बातमी, गिअरबॉक्स परत उतरणार. प्लेट उलटी बसली असू शकते. स्प्रिंगांचा फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टला जाऊन टेकतो आणि क्लच सुटत नाही. जर्मन प्लेटवर 'गेट्रीबेझाइटे' असं छापलेलं असतं, म्हणजे ही बाजू गिअरबॉक्सकडे, पण आपल्याकडे तो शब्द कंपनीचं नाव समजून सोडून देतात.

तिसरं कारण मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. रात्रीचे अकरा वाजलेले, जॅक थोडा खाली सरकला आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन पाचेक मिनिटं नुसत्या शाफ्टवर, म्हणजे पर्यायाने प्लेटच्या मधल्या भागावर लटकत राहिलं. मी बोल्ट शोधत होतो. बाहेरून काही दिसलं नाही, गाडी जोडली, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखीच करकर. प्लेट काढून काचेवर ठेवली तर एका बाजूने पोस्टकार्ड आत जाईल एवढी वाकलेली. तुमच्या मेकॅनिकला विचारा गिअरबॉक्स चढवताना कितीजण होते. एकटाच होता म्हणाला तर तुमचीही प्लेट काचेवर ठेवून बघा, आणि नवी प्लेट कोणाच्या खर्चाने ते गाडी सोडायच्या आधीच ठरवा.