गुठळी की आतून फाटलेला स्नायू? एकोत दोन्ही सारखंच दिसतं तेव्हा

प्रश्न: वडिलांना महिन्यापूर्वी मोठा अ‍ॅटॅक आला, हॉस्पिटलला पोचायला उशीर झाला. आता टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या टोकाला काहीतरी दिसतंय. एका रिपोर्टमध्ये क्लॉट म्हणजे रक्ताची गुठळी लिहिलंय, दुसरे डॉक्टर म्हणतात स्नायू आतून फाटला असेल, एमआरआय करा. खरंच गरज आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: हो, गरज आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी शंका घेतली ते फार बरं झालं. कारण उपचार एकदम उलटे आहेत. गुठळी असेल तर रक्त पातळ करायचं औषध साधारण ३ महिने देतात, नाहीतर तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. पण स्नायू फाटून भिंतीत रक्त शिरलं असेल तर त्याच औषधाने रक्तस्राव वाढू शकतो, तिथे ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे सर्जनला विचारून ठरवावं लागतं.

हृदयाला आतून पातळ अस्तर असतं, कोटाला असतं तसं. सगळा प्रश्न त्या अस्तराचा आहे. गुठळी अस्तराच्या आत, पोकळीत चिकटलेली असते आणि तिथला स्नायू नीट हलत नसतो. फाटलं असेल तर रक्त अस्तराच्या मागे, भिंतीच्या जाडीत असतं, मग एकोत एक पातळ पडदा हलताना दिसतो, हृदय आकुंचन पावलं की त्यामागची जागा फुगते आणि कलर डॉपलरवर (एकोत रक्ताचा प्रवाह रंगांत दिसतो त्यात) कधीकधी आत शिरणारं रक्तही दिसतं. पण ते रक्त गोठलं की हुबेहूब गुठळी वाटते, त्यात टोकाचा भाग साध्या एकोत नीट येत नाही, म्हणून पहिल्या रिपोर्टवर राग धरू नका.

कॉन्ट्रास्ट एकोत शिरेतून बारीक बुडबुडे सोडतात, पोकळी उजळते, गुठळी काळीच राहते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर मेलेला स्नायू पांढरा दिसतो, गुठळी काळी, आणि अस्तर कुठून जातंय तेही कळतं. भिंत आरपार फाटून फक्त बाहेरच्या आवरणाने रक्त अडवलेलं असेल, तर अरुंद तोंडाची पिशवी दिसते, तिथे सहसा लवकर ऑपरेशन लागतं.

एमआरआयआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, पेसमेकर असेल तर सांगा, स्टेंटची सहसा अडचण नसते. जुन्या एकोचा नुसता कागद नको, सीडी न्या, पडद्याची हालचाल व्हिडिओतच दिसते. गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. आणि छातीत परत दुखलं, घाम फुटून चक्कर आली किंवा धाप लागली तर रिपोर्टची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.