वाचकांचे प्रश्न : आधी यंत्र की आधी माणूस?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा पर्यावरणशास्त्र विभाग हवामानबदल संशोधन केंद्राचा प्रस्ताव तयार करीत आहे. आजवर बाहेरचे संशोधक यायचे, कोळीवाड्यात प्रश्नावल्या भरून घ्यायचे, खाडीच्या पाण्याचे नमुने न्यायचे. निष्कर्ष मात्र आमच्यापर्यंत कधी पोहोचले नाहीत. निधी मिळाल्यास सर्वप्रथम कोणते उपकरण घ्यावे?
— एक प्राध्यापिका, अंधेरी

उत्तर : उपकरणाआधी माणसाची सोय करावी, असे आमचे मत आहे. मार्चअखेर घाईने घेतलेले यंत्र देखभालीची तरतूद नसल्याने दोन पावसाळ्यांत बंद पडते, आणि तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या महाविद्यालयात गेलेले असतात. त्यामुळे प्रस्तावात कायम प्रयोगशाळा साहाय्यकाचे एक पद आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च मागावा. हे मंजूर करून घेणे इमारतीपेक्षा अवघड आहे, हे आम्ही जाणतो.

किनाऱ्याच्या अभ्यासात मोल असते ते अखंड नोंदीला. अपोलो बंदर येथील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे आणि मुंबईच्या समुद्रपातळीविषयी आज जे खात्रीने बोलता येते, त्याचा मोठा आधार तीच आहे. पण एका ठिकाणची नोंद साऱ्या शहराला पुरत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तर त्याच वेळी कुलाब्याला सुमारे ७३. मधल्या वस्त्यांमध्ये किती पडला, हे कळण्यासाठी मधे मोजणारे कोणी असावे लागते.

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, म्हणजे राज्याच्या जवळजवळ साऱ्या किनाऱ्यावर पसरलेले आहे. बारा देशांच्या मालकीचे, फिजीतील सुव्हा येथील दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ १९६८ पासून विखुरलेल्या बेटांना एका छत्राखाली शिकवत आले आहे. आपल्याकडे तर एवढी संलग्न महाविद्यालये आधीच एका विद्यापीठाखाली आहेत. अडचण आहे ती अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची. विषय दरवर्षी नवा हवा, हा आग्रह आपण सोडत नाही आणि बांधीव प्रती कपाटात साचत जातात. त्याऐवजी एकाच धक्क्यावरची एकच नोंद दहा तुकड्यांनी पुढे न्यावी.

आरंभ अगदी साधा होऊ शकतो. धक्क्याच्या भिंतीलगत सेंटिमीटरच्या खुणांची उभी पट्टी रोवावी आणि भरतीच्या वेळी विद्यार्थ्याने पाणी कोठवर आले ते वेळेसह लिहावे. लाट हेलकावत असेल तर सर्वांत वरची आणि सर्वांत खालची खूण पाहून मध्य घ्यावा. पट्टीचा शून्य मात्र पक्क्या जमिनीवरील कायम खुणेशी दरवर्षी पडताळून घेतलाच पाहिजे, कारण धक्का खचला तरी कागदावर समुद्र चढल्यासारखाच दिसतो.

भरतीची वेळ कोळीवाड्यातील जाणत्यांना विचारावी. तिथीचा आकडा पाऊणपट केला की वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पाण्याच्या उंचीसाठी मात्र भरती-ओहोटीचे छापील कोष्टक घ्यावे आणि त्यातील अंदाजापेक्षा पाणी किती वर चढले, तो फरक वेगळ्या रकान्यात मांडावा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. त्यात वाऱ्याने लोटलेले आणि खाडीत उतरलेले पावसाचे पाणी मिळते. उधाणाच्या दिवशी कोळीवाड्यात पाणी का शिरले, याचे उत्तर बहुधा याच रकान्यात सापडते. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांतही नोंद चुकवू नये, नाहीतर सरासरी फसवी निघते.

बाहेरच्या संस्थेशी करार करताना दोन अटी लेखी घालाव्यात : मूळ आकड्यांची प्रत महाविद्यालयात राहील, आणि निष्कर्ष प्रसिद्ध होण्याआधी कोळीवाड्याच्या बैठकीत मराठीतून सांगितले जातील. नोंदवही वर्गाच्या नव्हे, विभागाच्या नावे असावी.