दुपारच्या मुलांना कमी का आठवलं?

प्रश्न : बी.ए. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी गावातल्या शाळेत आठवीच्या 24 मुलांवर प्रयोग केला. पुढच्या बाकांवरच्या बारा जणांना सकाळी आठला वीस शब्द वाचून दाखवले, मागच्या बारा जणांना दुपारी दोनला. दुपारी तिघं कापूस वेचायला गेले होते, म्हणून नऊच राहिले. सकाळी सरासरी 11 शब्द आठवले, दुपारी 8. ‘सकाळी पाठांतर चांगलं होतं’ असं मी लिहिलं, पण सर म्हणाले की हे सिद्ध होत नाही. का?
– विद्यार्थिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : सरांचं बरोबर आहे. तुमची मोजणी ठीक आहे, वाटणी चुकली. पुढच्या बाकांवर कोण बसतं हे वर्गात एकदा डोकावलं तरी कळतं. त्यात वेचणीला गेलेली तीन मुलं गळाली, आणि अशी गळती चिठ्ठ्या टाकून झालेली नसते. म्हणजे तुम्ही सकाळ-दुपारची तुलना केलीच नाही, दोन वेगळ्या प्रकारच्या मुलांची केली.

मुलं तीच ठेवा, प्रयोग दोन दिवस करा आणि वेचणीचा हंगाम टाळा. अ आणि ब अशा सारख्या अवघडपणाच्या दोन याद्या लागतील. चोवीस चिठ्ठ्या करून सहा-सहांवर 1 ते 4 आकडे घाला आणि डब्यात हलवून प्रत्येकाला एक उचलू द्या. पहिल्या दिवशी 1 ला सकाळी अ, 2 ला सकाळी ब, 3 ला दुपारी अ, 4 ला दुपारी ब. दुसऱ्या दिवशी वेळही उलटी आणि यादीही उलटी. दुसऱ्यांदा करताना सराव होतोच, पण तो आता दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, दोन सेकंदांना एक. तुम्ही स्वतः वाचलंत तर सकाळचा आवाज आणि दुपारचा आवाज एक राहत नाही. यादी संपताच 30 सेकंद मुलांनी कागदावर 100, 97, 94 अशी तीन-तीनची वजाबाकी करावी. ही पायरी बरेच जण गाळतात. मग शेवटचे चार-पाच शब्द कानात घोळत असतात तेवढेच उतरतात आणि स्मरणाची मोजणी बाजूला राहते. त्यानंतर दोन मिनिटांत आठवतील ते शब्द, कोणत्याही क्रमानं.

तुमच्या यादीत ‘कोथिंबीर’ आहे. तुमच्याकडच्या पोरानं ‘सांभार’ लिहिलं तर गुण द्यायचा का? आम्ही तो शब्दच काढू. पण ठेवायचाच असेल तर नियम प्रयोगाआधी ठरवा, पेपर हातात आल्यावर नको. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नका. पेपरांवर फक्त सांकेतिक क्रमांक घाला आणि कोणता सकाळचा हे ज्याला माहीत नाही अशा मैत्रिणीकडून तपासून घ्या. आपल्याला हवं ते उत्तर अर्धवट अक्षरातही दिसतं.

शेवटी प्रत्येक मुलाच्या सकाळच्या गुणांतून दुपारचे वजा करा. 24 पैकी 13 जण सकाळी सरस निघाले, तर ते नाणं उडवल्यासारखंच झालं. 18 किंवा जास्त निघाले तर बोलता येईल, कारण 24 वेळा नाणं उडवून 18 किंवा जास्त वेळा एकच बाजू पडणं शंभरात दोनेकदाच घडतं. तरीही दुपारी दोनला टिनाखाली बसलेल्या, पोटात खिचडी असलेल्या मुलांवर फक्त घड्याळाचा परिणाम झाला असं म्हणता येत नाही. दोन्ही वेळचं तापमान अहवालात नोंदवा. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी आधी घ्या, आणि ज्या मुलाला बसायचं नाही त्याला उठू द्या.

प्रश्न : सासूबाईंना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण भजन सबंध म्हणतात. घरचे म्हणतात, नाटक करतात.
– वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : नाटक नाही. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात, म्हणून उजवं अंग गेलं तर इजा डाव्या मेंदूत असते. उजव्या हातानं काम करणाऱ्या बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. 1861 मध्ये पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांनी असा एक रुग्ण नोंदवला, ज्याच्या तोंडून ‘तान’ एवढंच निघे. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. नवं वाक्य जुळवणं आणि वर्षानुवर्षं घोटलेलं चालीवर म्हणणं ही मेंदूला दोन वेगळी कामं आहेत. म्हणून आकडे, प्रार्थना, कधी शिवीसुद्धा शाबूत राहते.

‘काय पाहिजे?’ असं विचारू नका. ‘पाणी पाहिजे?’ विचारा आणि मान हलवायला दहा सेकंद द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ‘पा-णी दे’ चालीवर, त्यांच्या डाव्या हातानं ताल धरून म्हणून घेण्याची उपचारपद्धत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वाचा-उपचारतज्ज्ञाकडून ती शिकून घ्या. गिळताना ठसका लागत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणे. बाजारात त्यावर टॉनिक मिळतं. घ्यावं का?
– वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : नका घेऊ. सव्वा-दीड किलोचा हा अवयव, वजनाच्या 2 टक्के, पण शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के भाग रिकामा असता तर वरच्या पत्रातल्या बाईंची वाचा गेली नसती.