कोरिप्पो हे गाव कुठे आहे आणि ते इतकं प्रसिद्ध का?

दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात, वेर्झास्का खोऱ्यात. बोलीभाषा इटालियन. जवळचं मोठं गाव लोकार्नो.

प्रसिद्धीचं कारण साधं आहे: 2020 पर्यंत ही देशातली सर्वात कमी लोकवस्तीची स्वतंत्र पालिका होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे जवळपास तीनशे माणसं राहायची. शेवटी उरली दहा-बारा, तीही बहुतेक वयस्कर. उभ्या उतारावरची शेती पोटाला पुरायची नाही. चेस्टनट, शेळ्या आणि हिवाळ्यात खाली मागादिनोच्या सपाटीवर उतरणं, यावर संसार चालायचा. मग कोणी कॅलिफोर्नियाला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला. इतक्या थोड्या माणसांत कारभारी तरी कुठून आणणार? ऑक्टोबर 2020 मध्ये शेजारच्या गावांसह कोरिप्पो नव्या 'वेर्झास्का' पालिकेत विलीन झालं.

गाव मात्र देखणं, यात वाद नाही. करड्या दगडाची घरं एकमेकांना खेटून, छपरावर कौलं नाहीत, जाड दगडी फरश्याच रचलेल्या. दुरून घर कुठलं आणि डोंगर कुठला ते पटकन कळत नाही. ही रया टिकली, कारण नवं बांधायला पैसाही नव्हता आणि माणूसही!

2022 पासून रिकामी घरं दुरुस्त करून तिथे विखुरलेलं हॉटेल चालतं: एक खोली या घरात, दुसरी त्या घरात, जेवण गावच्या खानावळीत. मला ही कल्पना संग्रहालय करण्यापेक्षा बरी वाटते.

जाणार असाल तर गाडीपेक्षा लोकार्नोहून पिवळी पोस्टबस घ्या. वाटेत 220 मीटर उंचीचं वेर्झास्का धरण लागतं, 'गोल्डनआय' या जेम्स बाँडच्या चित्रपटात बाँड ज्यावरून उडी मारतो तेच.