बांगांदे लोक डोगोन आहेत की नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातील बांगांदे लोकांची भाषा शेजारच्या डोगोन भाषांशी जुळत नाही आणि तरीही ते स्वतःला डोगोन म्हणवतात, तर त्यांची खरी ओळख कोणती मानावी. माझ्या मते ते डोगोन आहेत, कारण ते स्वतः तसे सांगतात; आणि त्यांची भाषा डोगोन नाही, कारण अभ्यासातून तसे दिसते. मी बरीच वर्षे भाषाशास्त्र शिकवतो, आणि भाषेचे कूळ तेच माणसांचेही कूळ, हा समज वर्गात दरवर्षी नव्याने दूर करावा लागतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मध्य मालीत बांदियागाराचा सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा कडा आहे. कड्याच्या माथ्यावर, पोटात आणि पायथ्याशी डोगोनांची गावे वसलेली आहेत आणि मुख्य पीक बाजरीचे आहे. या कड्यावरच्या पठाराच्या वायव्य कडेला, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात, बांगांद्यांची सात गावे आहेत. तेथील तीन-साडेतीन हजार लोकांच्या भाषेचे नाव बांगीमे. बांगांदे या नावाचा अर्थ 'लपलेले लोक' असा सांगितला जातो, आणि बांगीमे म्हणजे त्यांची 'गुप्त भाषा'.

पूर्वी ही एखादी डोगोन बोलीच असावी, असे गृहीत धरले जाई. २००५ मध्ये भाषाशास्त्रज्ञ रॉजर ब्लेंच यांनी शब्दसंग्रह गोळा केला, तेव्हा ती आसपासच्या कोणत्याच भाषाकुलात बसत नाही, हे ठळकपणे पुढे आले. तिचे सखोल वर्णन करण्यासाठी गेलेले डच भाषाशास्त्रज्ञ स्टेफान एल्डर्स यांचा २००७ मध्ये मालीतच मृत्यू झाला. पुढे ॲबी हँटगन यांनी बुनू या गावात राहून काम केले आणि २०१३ मध्ये आपला प्रबंध पूर्ण केला. बांगीमेत शेजारच्या भाषांतून आलेले शब्द आहेत, पण उसने शब्द आणि रक्ताचे नाते यांत फरक करावा लागतो. मराठीत फारसी शब्द कितीही असले तरी मराठी काही इराणी भाषा ठरत नाही.

ही भाषा गुप्त का राहिली असावी, याविषयी एक मत मला विचार करण्याजोगे वाटते. या भागात गुलामांच्या तांड्यांची ये-जा होती, आणि त्यांतून निसटलेल्या माणसांना या गावांनी आसरा दिला असावा. परक्याला कळू नये अशी भाषा तेव्हा प्राण वाचवणारी ठरली असती. हे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

आता डोगोन या नावाकडे पाहू. डोगोन ही मुळात एक भाषा नाही. जामसाय, तोरो सो, तोमो कान अशा वीसएक भाषांचे ते कुटुंब आहे, आणि त्यांपैकी कित्येकांच्या भाषकांना एकमेकांचे बोलणे समजत नाही. तरीही हे सारे डोगोन आहेत. डोगोनांच्या सांगा नावाच्या भागात वाटेत दोघे भेटले की एकजण विचारत जातो, तू बरा आहेस ना, घरचे बरे आहेत ना, मुले बरी आहेत ना, आणि दुसरा प्रत्येक प्रश्नाला 'सेओ' म्हणत राहतो. मग पाळी बदलते आणि तेच प्रश्न उलट दिशेने येतात. असे रीतिरिवाज, कड्यावरचे जगणे आणि एका मूळस्थानाहून आल्याच्या कथा हे या नावामागचे धागे आहेत. शेजारचे काही डोगोन 'हे आमच्यातले नव्हेत' असे म्हणतात, हे खरे आहे. पण एकच भाषा ही अट मुळात कोणत्याच डोगोनाला लागू नसेल, तर ती एकट्या बांगांद्यांना लावणे मला अन्यायाचे वाटते.

या ओळखीची किंमत मात्र त्यांच्या भाषेला मोजावी लागते. मालीत १३ राष्ट्रीय भाषा आहेत, आणि २०२३ च्या राज्यघटनेने त्यांना अधिकृत भाषांचा दर्जा देऊन फ्रेंचला केवळ कामकाजाची भाषा ठरवले. त्या यादीत डोगोन आहे, बांगीमे नाही. समाज डोगोनांत मोजला गेला की त्याची भाषाही त्यातच आली, असे कागदोपत्री धरले जाते.

याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाल लोक राहतात. त्यांची दोन-अडीच हजार माणसांची निहाली भाषाही कोणत्याच भाषाकुलात बसत नाही, तिच्यातही कोरकू आणि मराठी शब्दांची दाटी आहे आणि तीही चोरून बोलण्याची सांकेतिक बोली असावी, असा तर्क डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये मांडला होता. निहालांना अनेक वर्षे कोरकूंची पोटशाखा समजले गेले. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे आपली जनगणना स्वतंत्रपणे प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे निहाली तिथेही दिसत नाही.

म्हणून आपण या विषयावर लिहिणार असाल, तर 'बांगीमे बोलणारे बांगांदे डोगोन' असे लिहा, आणि भाषांच्या तक्त्यात बांगीमेला डोगोनच्या रकान्यात न टाकता तिची स्वतंत्र ओळ ठेवा.